जखमी सहकाऱ्याला घेऊन किनाऱ्यावर: माझी पहिली एस्कॉर्ट ड्यूटी

११ जून २०२५, बुधवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या केबिनचा फोन वाजला आणि चीफ ऑफिसरांनी मला जहाजावरच्या हॉस्पिटल रूममध्ये ताबडतोब येण्यास सांगितले. औषधोपचाराची जबाबदारी आमच्याकडे सेकंड ऑफिसरची असते, परंतु बारा ते चार हा त्यांचा ब्रिजवरचा वॉच, म्हणजे जहाज चालवण्याची पाळी, असल्यामुळे ते हलू शकत नव्हते, आणि वॉच नसलेली अधिकारी त्या वेळी मी एकटीच होते. थर्ड ऑफिसर म्हणून माझे ते पहिलेच कॉन्ट्रॅक्ट होते. जहाज बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल वाहणारे, माणसे एकवीस, होल्ड (मालाचे कप्पे) रिकामे, आणि पुढच्या बंदराचे अँकरेज, म्हणजे नांगर टाकण्याची जागा, अजून दोन दिवसांवर. जहाजावरून एखाद्या आजारी किंवा जखमी माणसाला किनाऱ्यावर नेण्याचे काम अचानक अंगावर पडते आणि त्याची तयारी कशी करावी हे फारसे कोणी सांगत नाही, म्हणून त्या आठवड्याची हकीकत क्रमाने लिहीत आहे. बंदराचे, कंपनीचे आणि एजंटचे (जहाजाची किनाऱ्यावरची कामे पाहणाऱ्या प्रतिनिधीचे) नाव मुद्दामच दिलेले नाही.

जखमी होते आमचे फिटर. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. माझ्याशी मराठीत बोलणारे जहाजावरचे ते एकमेव गृहस्थ होते आणि वयाने माझ्या वडिलांएवढे, त्यामुळे माझ्यापुरते ते मिस्त्रीकाका. हॅच कव्हरजवळ, म्हणजे होल्डच्या झाकणाजवळ, ग्राइंडरने काम करताना त्यांच्या डाव्या डोळ्यात काहीतरी गेले होते. मी पोहोचले तेव्हा ते खुर्चीवर बसून रुमालाने डोळा चोळत होते. चोळू नका, एवढे सांगून आम्ही सलाइनने डोळा पंधरा मिनिटे धुतला, फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी लावली आणि निळ्या उजेडात पाहिले. बुबुळाच्या बाहेरच्या कडेला, मोहरीपेक्षाही लहान असा एक हिरवट चमकणारा ठिपका दिसत होता आणि त्याच्या मधोमध काळा कण रुतलेला होता. वरवरचा कण ओल्या कापसाच्या बोळ्याने निघतो, परंतु रुतलेल्या कणाला जहाजावर हात लावायचा नसतो.

कॅप्टनसाहेबांनी लगेच रोमच्या सी.आय.आर.एम. या केंद्राशी संपर्क साधला. समुद्रावरच्या जहाजांना दूरवरून वैद्यकीय सल्ला देणारी ही संस्था १९३५ पासून काम करते आहे, तिचे पहिले अध्यक्ष स्वतः मार्कोनी होते, आणि जहाजावर कोणत्याही देशाचा झेंडा असला तरी तिचा सल्ला विनामूल्य मिळतो. डॉक्टर काय विचारणार याची यादी आधीच भरून ठेवली तर बराच वेळ वाचतो: वय, ॲलर्जी, चालू असलेली औषधे, इजा झाल्याची नेमकी वेळ, प्रत्येक डोळ्याने स्वतंत्रपणे किती दिसते, बाहुली गोल आहे की ओढल्यासारखी, आणि इजा होताना तो माणूस नक्की काय करत होता. हा शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. चक्री ग्राइंडरचा कण होता, की हातोडा-छिन्नीचे काम चालले होते? मिस्त्रीकाका दोन्ही वेळा म्हणाले, “ग्राइंडिंग.” मी तसे लिहून घेतले. गॉगल होता का, या प्रश्नालाही त्यांनी होकारार्थी मान हलवली.

सल्ला असा आला की अँटिबायोटिक मलम घालावे, डोळा झाकून ठेवावा, सहा-सहा तासांनी दृष्टी तपासून कळवावे, आणि नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पखाली (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) तपासणी शक्य तितक्या लवकर, बंदरात पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कणाभोवती तांबूस कडे दिसू लागले. लोखंडाचा कण डोळ्याच्या ओलाव्यात इतक्या लवकर गंजतो हे मला तोवर माहीत नव्हते.

१२ तारखेचा संपूर्ण दिवस कागदपत्रांत गेला. एजंटने मागितलेल्या गोष्टी अशा होत्या: रुग्णाचा आणि सोबत येणाऱ्या माणसाचा पासपोर्ट, दोघांच्या सीडीसी (खलाशाची ओळख-नोंदपुस्तिका), क्रू लिस्ट, लसीकरणाची यादी, मागच्या दहा बंदरांची यादी, कंपनीच्या नमुन्यातला वैद्यकीय अहवाल आणि जहाजाचे आरोग्य घोषणापत्र. शेवटच्या कागदाला फार महत्त्व आहे, कारण आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार बंदराच्या आरोग्य खात्याने फ्री प्रॅटीक, म्हणजे आरोग्यविषयक प्रवेश परवानगी, दिल्याशिवाय जहाजावरचे कोणीही खाली उतरू शकत नाही, आणि तोवर पिवळा क्यू झेंडा लावून थांबावे लागते. आमच्या घोषणापत्रात आजारी व्यक्तीविषयीच्या प्रश्नापुढे “अपघात, डोळ्याची इजा, संसर्ग नाही” अशी स्वतंत्र टीप कॅप्टनसाहेबांनी जोडली होती. तशी टीप नसती तर संसर्गाच्या शंकेने आणखी एक दिवस गेला असता, असे एजंटच्या माणसाने नंतर सांगितले.

एजंटचे पहिले उत्तर फारसे उत्साहवर्धक नव्हते. जहाजाला मंगळवारी, म्हणजे १७ तारखेला बंदराच्या धक्क्यावर जागा मिळणार आहे, तोवर थांबता येणार नाही का, अशी विचारणा त्यांनी केली. लाँच, म्हणजे ने-आण करणारी छोटी बोट, भाड्याने घेणे हा या प्रकरणातला मोठा खर्च असतो आणि तो वाचवण्याची इच्छा मी समजू शकते. कॅप्टनसाहेबांनी उत्तरात दोनच गोष्टी लिहिल्या. एक, रोमच्या डॉक्टरांचे २४ तासांविषयीचे वाक्य जसेच्या तसे. आणि दोन, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ साली झालेल्या आणि २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीचा संदर्भ, जिच्यानुसार तातडीच्या उपचारांची गरज असलेल्या खलाशाला विनाविलंब उतरवून घेण्याची व्यवस्था करणे बंदरातल्या देशाचे कर्तव्य आहे. पत्रात आवाज कुठेही चढलेला नव्हता. संध्याकाळी होकार आला: शनिवारी १४ तारखेला सकाळी आठ वाजता लाँच, रुग्ण आणि सोबत एक माणूस.

हा माणूस कोण, हे कॅप्टनसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर सांगितले. “तू पहिल्यापासून त्यांच्या बरोबर आहेस, सगळ्या नोंदी तुझ्या हातच्या आहेत, तूच जा. तुझा वॉच मी बघतो.” मला आनंद झाला नाही. तोवर मी परक्या बंदरात उतरले होते ती चार जणांच्या घोळक्यात, फिरण्यासाठी. या वेळी एका माणसाचा डोळा, त्याचे कागद आणि माझी जेमतेम इंग्रजी समजणारा एक अनोळखी गाव, हे सगळे मला एकटीला सांभाळायचे होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही किनाऱ्यापासून नऊ सागरी मैलांवर नांगर टाकला. रात्री मी बॅग भरली. दोघांचे पासपोर्ट कॅप्टनसाहेबांनी तिजोरीतून काढून दिले आणि मिळाल्याची सही घेतली. त्याशिवाय प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, रोमच्या केंद्राशी झालेला सगळा पत्रव्यवहार छापून, वापरलेल्या मलमाच्या रिकाम्या खोक्याचे झाकण, चार्जर, एक जाड जाकीट, आणि जहाजाच्या कॅशमधून दोनशे डॉलरचे पाकीट. सेकंड ऑफिसरांनी एक पोस्टकार्डाएवढा कागद लॅमिनेट करून हातात ठेवला. त्यावर जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, कॉल साइन, नांगराची जागा, एजंटचे दोन नंबर, कॅप्टनसाहेबांचा सॅटेलाइट फोन नंबर आणि स्थानिक लिपीत “मला या बंदराच्या या गेटवर सोडा” एवढे वाक्य होते. हे वाक्य एजंटकडून ईमेलवर मागवून घेतले होते. पुढच्या दिवसात हा कागद मी किमान दहा जणांना दाखवला असेन. असा कागद प्रत्येकाने करून घ्यावा.

१४ तारखेला आठची लाँच नऊ वाजून वीस मिनिटांनी आली. जहाज रिकामे असल्यामुळे डेक पाण्यापासून खूप उंच होता, आणि नऊ मीटरपेक्षा अधिक उंची असली की केवळ दोरशिडीने उतरवता येत नाही, तर अर्ध्यापर्यंत तिरका जिना आणि तिथून खाली पायलट लॅडर, म्हणजे दोरशिडी, अशी जोड व्यवस्था लावावी लागते. नियमानुसार त्या जिन्याचा खालचा प्लॅटफॉर्म समुद्रापासून पाच मीटर तरी वर असतो, म्हणजे दोरशिडीच्या साधारण पंधरा पायऱ्या राहतात. एरवी पंधरा पायऱ्यांचे काही वाटत नाही. मात्र एक डोळा झाकलेल्या माणसाला खोलीचा अंदाज येत नाही, पायरी आहे तिथे दिसत नाही आणि नाही तिथे भासते, हे आमच्या बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) लक्षात आदल्या दिवशीच आले होते. त्याने मिस्त्रीकाकांना हार्नेस चढवला, त्याची दोरी प्लॅटफॉर्मवरच्या दोन माणसांच्या हातात दिली, आणि बॅग वेगळ्या दोरीने खाली सोडली. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत, खांद्यावरसुद्धा काही नको.

आधी मी उतरले, म्हणजे लाँचच्या डेकवर उभे राहून मला खालून बोलता येणार होते. लाँच लाटेबरोबर मीटरभर वर येत होती आणि खाली जात होती. मिस्त्रीकाका शिडीकडे तोंड करून उतरू लागले तेव्हा त्यांचा उजवा पाय प्रत्येक वेळी पायरीच्या पुढे हवेत चाचपडत असे, मग बुटाची टाच लाकडाला लागे, मग वजन. मी खालून आकडे मोजत होते: “अकरा आहेत, काका. आता दहा.” चार पायऱ्या उरल्या तेव्हा मी त्यांना थांबवले. लाँच खाली असताना पाय टाकला तर माणूस आदळतो, आणि वर येत असताना शिडीवर थांबला तर पाय दोघांमध्ये चिरडण्याची भीती असते. म्हणून लाँच लाटेच्या माथ्यावर आली की त्या क्षणी एकदम शिडी सोडायची असते. दोन लाटा मी जाऊ दिल्या. तिसरीला लाँचच्या खलाशाने त्यांचा पट्टा धरला, मी “आता!” म्हणाले, आणि ते डेकवर आले. हार्नेस सुटेपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग ते म्हणाले, “पोरी, तुझी मोजणी एकाने चुकली होती.” एरवी ते मला मॅडम म्हणत. मोजणी खरोखरच चुकली होती.

सव्वा तासाने, अकराच्या सुमारास आम्ही जेटीवर पोहोचलो आणि एजंटच्या तरुण कर्मचाऱ्याबरोबर इमिग्रेशनच्या कार्यालयात गेलो. ते शनिवारी बारापर्यंतच उघडे असते. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडले, क्रू लिस्ट समोर ठेवली, पेनाचे टोक एका ओळीवर टेकवले आणि लिस्ट माझ्याकडे फिरवली. मिस्त्रीकाकांच्या पासपोर्टच्या क्रमांकात शेवटून तिसरा आकडा ६ होता, लिस्टमध्ये ८. क्रू लिस्ट हा फाल या बंदरातल्या कागदपत्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा पाचवा नमुना. बंदराचे कागद तयार करणे हे आमच्या जहाजावर थर्ड ऑफिसरचे काम, आणि ही लिस्ट मीच तयार केली होती. मागच्या दोन बंदरांत तीच चूक कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण तिथे हे पासपोर्ट कोणी उघडून तपासलेच नव्हते.

चूक माझी आहे असे मी स्पष्ट सांगितले. खुलासे देत बसण्यापेक्षा ते सोपे गेले. दुरुस्त लिस्ट कॅप्टनच्या सही-शिक्क्यानिशी हवी, स्कॅन चालेल, असे उत्तर मिळाले. जहाजाला फोन, नवी लिस्ट, शिक्का, ईमेल, एजंटच्या कार्यालयातून छापील प्रत, या सगळ्याला एक वाजायला दहा मिनिटे कमी असेपर्यंत वेळ लागला. बारा वाजता पुढचे शटर खाली आले, परंतु तो अधिकारी आपल्या टेबलाशी बसून राहिला आणि त्याने मागच्या दाराने आमचे शोअर पास, म्हणजे किनाऱ्यावर राहण्याचे परवाने, बनवून दिले. त्यावर रात्री आठपर्यंतची मुदत होती. पास हातात आल्यावर नाव, क्रमांक आणि वेळ तिथेच उभे राहून वाचावी, हे मी त्या दिवसापासून पाळते. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतले. त्याची पावती मी मागून घेतली.

माझ्या त्या एका आकड्याची किंमत अशी की एक वाजता बंद होणारे नेत्रचिकित्सालय हुकले, आणि आम्हाला मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे लागले. एजंटच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या जहाजाचे काम होते. नोंदणी करून तो निघून गेला. नोंदणीनंतर काहीच घडेना. पैशांची हमी आल्याशिवाय फाइल पुढे जात नाही, हे मला अर्ध्या तासाने समजले. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आहे, खलाशाच्या उपचारांचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो, हे सगळे मला परीक्षेपुरते पाठ होते. पण त्या खिडकीत कराराचे नाव घेऊन उपयोग नव्हता, तिथे जहाजाच्या विमा क्लबच्या (जहाजमालकांच्या सामायिक विमा संस्थेच्या) स्थानिक प्रतिनिधीचे हमीपत्र हवे होते. ते आदल्या दिवशीच रुग्णालयाच्या नावे मागवून ठेवता येते, परंतु आमचे हमीपत्र नेत्रचिकित्सालयाच्या नावे होते. नवे यायला सव्वातीन वाजले. एस्कॉर्टने निघण्यापूर्वी विचारावा असा एक प्रश्न हाच, की हमीपत्र कोणाच्या नावे आहे आणि ठिकाण बदलले तर शनिवार-रविवारी कोणाला फोन करायचा.

या पावणेदोन तासांत आम्ही एका लांबट बाकावर बसून होतो. मिस्त्रीकाका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारले, “हे डॉक्टर अनफिट लिहितील का हो मॅडम?” त्यांच्या कॉन्ट्रॅक्टचे अडीच महिने शिल्लक होते. अनफिट ठरलेल्या माणसाला कंपनी परत पाठवते. उपचार आणि आजारपणाचा पगार नियमाने मिळतो, परंतु पुढचे जहाज कधी मिळेल याची खात्री कोणी देत नाही. मी म्हणाले की ते डॉक्टरच ठरवतील. त्यावर ते आणखी काही वेळ थांबले आणि म्हणाले, “ग्राइंडिंगच्या आधी मी एक पिन ठोकत होतो. हॅचच्या क्लीटची, गंजून बसलेली. डोळ्यात टोचले ते तेव्हा. गॉगल गळ्यात होता. हे तुमच्यातच ठेवा.”

मला क्षणभर काय बोलावे ते सुचेना. रोमच्या डॉक्टरांनी दोनदा तोच प्रश्न का विचारला होता, ते आता उलगडले. ग्राइंडरचा कण बहुधा वरच अडकतो. हातोड्याच्या घावाने उडालेला पोलादाचा तुकडा मात्र इतक्या वेगाने येतो की तो डोळ्याच्या आत जाऊन बसू शकतो आणि बाहेरून जखम जवळपास दिसतही नाही. मी काकांना सांगितले की हे मी डॉक्टरांना सांगणार आहे, तुमच्यासमोर सांगणार आहे, आणि का, तेही सांगितले. ते रागावले. “मग माझ्याबरोबर आलात कशाला?” असे म्हणून त्यांनी तोंड फिरवले. त्या दिवसातला सर्वांत कठीण भाग शिडी नव्हती, इमिग्रेशनही नव्हते.

डॉक्टरीणबाईंना इंग्रजी कामापुरते येत होते. मी हाताने ठोकण्याची खूण केली, “हॅमर, स्टील, नो गॉगल” असे तीन शब्द सांगितले, आणि त्यांनी हातातला फॉर्म बाजूला ठेवून लगेच सीटी स्कॅन लिहिला. डोळ्यात लोखंड असण्याची शंका असेल तर एमआरआय कधीही करायचा नसतो, कारण त्याच्या चुंबकाने कण हलून डोळा फाटू शकतो. हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती, पण भाषेचा गोंधळ असलेल्या ठिकाणी सोबतच्या माणसाने ते कागदावर लिहून दाखवले तर बिघडत नाही. स्कॅनचा निकाल सहा वाजता आला. आत काही नव्हते. त्यानंतर भूल देणारे थेंब घालून स्लिट लॅम्पखाली त्यांनी कण काढला आणि बारीक फिरत्या टोकाने गंजाचे कडे खरवडले. काढलेला कण त्यांनी पांढऱ्या गॉजवर ठेवून काकांना दाखवला. ते वाकून, दुसऱ्या डोळ्याने, पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, “पिनचाच आहे.”

कंपनीच्या फॉर्ममध्ये शेवटी तीन चौकोन असतात: कामास योग्य, मर्यादित कामास योग्य, अयोग्य. डॉक्टरीणबाईंनी तिन्हींवर काट मारून खाली आपल्या भाषेत दोन ओळी लिहिल्या होत्या. असा कागद घेऊन कधीही निघू नये. जहाजावर आणि कंपनीत त्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. मी दुसरी कोरी प्रत काढली (दोन प्रती घ्याव्यात त्या यासाठी) आणि त्यांना विनंती केली. त्यांनी मधल्या चौकोनात खूण केली: सात दिवस ग्राइंडिंग, वेल्डिंग आणि धुळीचे काम बंद, ७२ तासांनी पुन्हा तपासणी. औषधांची व्यापारी नावे लिहिली होती, त्यांच्यासमोर मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहून घेतली. सही, शिक्का, तारीख. मी खूण कुठे करायची हे सुचवले नाही, आणि काकांनीही मला तसे करायला सांगितले नाही.

पावणेसात वाजता एजंटचा फोन आला की वारा वाढला आहे, लाँच आज जाणार नाही. शोअर पासची मुदत आठला संपत होती. मुदत संपल्यावर किनाऱ्यावर सापडलेला खलाशी हा कायद्याच्या दृष्टीने जहाज सोडून पळालेला माणूस ठरू शकतो, मग त्याच्या डोळ्याला पट्टी का असेना. त्यामुळे आम्ही रुग्णालयातून थेट बंदराच्या गेटवर गेलो आणि तिथल्या ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यासमोर मुदत संपण्यापूर्वी हजर झालो. एजंटचे पत्र, लाँच रद्द झाल्याचा संदेश आणि डॉक्टरांचा कागद पाहून दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतची मुदतवाढ मिळाली, मात्र त्यात दोन तास गेले. ते दोन तास आम्ही गेटला लागून असलेल्या खलाशांच्या केंद्रात काढले. अशी केंद्रे जगभरच्या बंदरांत आहेत. त्यांतली द मिशन टू सीफेअरर्स ही संस्था तर १८५६ पासूनची आहे. तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी काही न विचारता वायफायचा पासवर्ड आणि दोन कप गरम चहा आमच्यासमोर ठेवला. काकांनी घरी व्हिडिओ कॉल न लावता साधा फोन केला आणि बोलताना अपघाताचा उल्लेख टाळला. रात्री एजंटने हॉटेलमध्ये दोन खोल्या दिल्या. दर चार तासांनी थेंब घालायचे असल्यामुळे मी दोनचा अलार्म लावला आणि जाऊन त्यांचे दार वाजवले. ते जागेच होते. थेंब घालून झाल्यावर त्यांनी “बाकावर बोललो ते सोडून द्या,” एवढेच म्हटले.

१५ तारखेला सकाळी समुद्र शांत होता. पासपोर्ट पावती देऊन परत घेतले, लाँचने अकरा वाजता जहाजाला लागलो. चढणे उतरण्यापेक्षा सोपे असते, कारण पायरी डोळ्यांसमोर असते. वर आल्यावर गँगवेच्या (जहाजात चढण्याच्या जिन्याच्या) नोंदवहीत दोघांची वेळ लिहिली, पासपोर्ट कॅप्टनसाहेबांच्या हाती दिले आणि माझ्या सहीची पावती फाडून घेतली. दोनशे डॉलरपैकी १५७ परत केले. स्थानिक भाषेतल्या प्रत्येक पावतीच्या मागे कशाची, कोणत्या दिवसाची, हे मी त्या-त्या वेळीच लिहिले होते, तरी बारा डॉलरची एक पावती सापडली नाही आणि तसे लिहून सही करावी लागली. लाँच, रुग्णालय, स्कॅन, हॉटेल यांचा खर्च मालक आणि क्लब यांच्यात परस्पर गेला, काकांच्या पगारातून काही कापले गेले नाही. विश्रांतीच्या तासांच्या तक्त्यात मात्र वाद झाला. किनाऱ्यावर गेलात म्हणजे आराम, असे कोणीतरी गमतीने म्हणाले, पण एस्कॉर्ट हे काम आहे आणि २४ तासांत दहा तास विश्रांतीचा नियम त्यालाही लागू आहे. १४ तारखेचे सकाळी सहा ते रात्री साडेदहा हे सगळे तास मी काम म्हणून लिहिले, आणि त्या दिवशी नियम मोडल्याची नोंद कारणासह झाली. रात्री आठचा वॉच कॅप्टनसाहेबांनीच केला.

अपघाताच्या अहवालात पिन आणि गॉगल यांची खरी हकीकत जायला हवी होती. ती मी लिहिण्यापूर्वी काका स्वतः चीफ ऑफिसरांकडे गेले आणि सांगून आले. त्यांना लेखी समज मिळाली. हॅचच्या सगळ्या क्लीट पिनांना वंगण देण्याचे काम मात्र त्याच आठवड्यात निघाले, कारण एवढी गंजलेली पिन ठोकण्याची वेळ यावी हा एकट्या फिटरचा दोष नव्हता, हे चीफ ऑफिसरांनी मान्य केले.

१७ तारखेला धक्क्याला लागल्यावर दुसरी तपासणी झाली. या वेळी गँगवेने खाली उतरायचे होते, क्रू लिस्ट मी आणि सेकंड ऑफिसरांनी पासपोर्ट समोर ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचत तपासली होती, हमीपत्रावर योग्य नाव होते, आणि गेट ते गेट सगळे दोन तासांत आटोपले. गंजाची फिकट रेघ उरली होती, ती आपोआप जाईल असे डॉक्टर म्हणाले. तक्त्यावरची अक्षरे वाचायला सांगितल्यावर काकांनी उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्याने वरून सहाव्या ओळीपर्यंत वाचले. सातव्या ओळीला ते अडले. मग हात बदलून उजव्या डोळ्याने वाचू लागले, तर त्यालाही सातवी ओळ वाचता येईना. डॉक्टर हसले आणि त्यांनी चष्म्याचा नंबर लिहून दिला.